मुलांच्या खेळाला पाठिंबा द्यायचा, पण दबाव टाकायचा नाही: हे जमवायचं कसं?

नारपोलीतून कल्याण काही लांब नाही. भिवंडीच्या ट्रॅफिकने मनावर घेतलं नाही तर तासाभराच्या आत पोहोचता येतं. याच कल्याणमध्ये जानेवारी २०१६ मध्ये १५ वर्षांच्या एका पोराने शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ धावा ठोकल्या. त्याचं नाव प्रणव धनावडे. वडील रिक्षा चालवायचे. ही बातमी जगभर गेली.

पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांनी आणखी एक गोष्ट केली. ती मात्र तुलनेने कमी लोकांच्या लक्षात आहे. मुलाला दरमहा मिळणारी १० हजार रुपयांची शिष्यवृत्ती थांबवा, असं पत्र त्यांनी स्वतःहून मुंबई क्रिकेट असोसिएशनला लिहिलं.

घरात खेळाडू मूल असलेल्या प्रत्येक आईवडिलांनी १००९ या आकड्यापेक्षा या पत्राकडे जास्त लक्ष द्यायला हवं. का, तेच समजून घेऊ.

१००९ धावांनंतर काय झालं?

मॅच होती भंडारी कप या आंतरशालेय स्पर्धेतली. के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल. पहिल्या दिवसअखेर प्रणव ६५२ वर नाबाद होता. म्हणजे इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ मध्ये केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याच दिवशी मोडला होता. दुसऱ्या दिवशी तो हजाराच्या पुढे गेला. संघाचा स्कोअर होता ३ बाद १४६५.

समोरच्या संघातली बरीच मुलं वयाने लहान होती आणि मैदानाची बाउंड्रीही छोटी होती, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तरीही दोन दिवस उभं राहून १००९ धावा करणं म्हणजे कमालच. सचिन तेंडुलकरने त्याला बॅट भेट दिली. एमसीएने पाच वर्षांसाठी दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. घरी कॅमेऱ्यांची रांग लागली.

आणि मग सुरू झाली खरी अडचण. हजार धावा केलेल्या मुलाने पुढच्या मॅचमध्ये ३० केल्या, तर लोकांना त्या कमीच वाटणार. वयोगटाच्या निवडीत त्याला मनासारखं यश आलं नाही, फॉर्म घसरला. २०१७ मध्ये वडिलांनी पत्र लिहिलं. मुलाची कामगिरी सध्या तशी होत नाही, म्हणून पैसे थांबवा, असा त्याचा आशय होता.

दरमहा १० हजार रुपये रिक्षा चालवणाऱ्या घरासाठी किती मोठे असतात, हे नारपोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या पैशांबरोबर दर महिन्याला एक प्रश्नही घरात येत होता: "मग, या महिन्यात काय केलंस?" पत्र लिहिताना वडिलांच्या मनात नेमकं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. पण ते पैसे थांबले की तो प्रश्नही थांबतो, एवढं नक्की.

पाठिंबा आणि दबाव यात फरक काय?

बहुतेक पालकांना वाटतं, दबाव म्हणजे ओरडणं, मारणं, जबरदस्ती करणं. आपण तसं काही करत नाही, म्हणजे आपण दबाव टाकत नाही. पण एक शब्दही न बोलता दबाव टाकता येतो. हरल्यावर घरात पसरणारी शांतता, शेजाऱ्यांना दाखवलेली ट्रॉफी, "तुझ्यासाठी मी ओव्हरटाइम करतो" हे वाक्य, स्टेटसला टाकलेला "भावी विराट"चा फोटो, या सगळ्याचं वजन मुलाला कळतं.

फरक ओळखायची एक सोपी कसोटी आहे. स्वतःला विचारा: आपल्या मुलाला थांबायचं असेल, तर त्याला त्याची काय किंमत मोजावी लागेल?

"आज नको, पाय दुखतोय" असं मूल न घाबरता म्हणू शकत असेल, तर तो पाठिंबा. हे म्हणण्याआधी त्याला बाबांचा चेहरा, आईचं कर्ज, कोचचा राग आणि सोसायटीतल्या लोकांचे प्रश्न आठवत असतील, तर तुम्ही कितीही गोड बोला, तो दबावच आहे.

याची काही लक्षणं घरातच दिसतात:

- मॅचच्या आदल्या रात्री पोटात दुखणं, मळमळ, झोप न लागणं, आणि हे वारंवार होणं
- दुखापत लपवणं, किंवा उलट, दुखापत झाल्यावर सुटका झाल्यासारखं वाटणं
- मित्रांबरोबर गल्लीत खेळतानाही मजा न येणं
- हरल्यावर सगळ्यात आधी तुमच्याकडे बघणं
- बोलताना "आपल्याला सिलेक्ट व्हायचंय" असं तुम्ही म्हणणं आणि मूल गप्प असणं

शेवटचं लक्षण पालकांनी स्वतःत तपासायचं आहे. "आपली मॅच", "आपलं सिलेक्शन" हे शब्द प्रेमातूनच येतात. पण स्वप्न नक्की कुणाचं आहे, हे त्यातून कळतं.

"पण जोर लावल्याशिवाय कोण मोठं झालंय?"

हा प्रश्न येणारच. २०१६ च्या 'दंगल' चित्रपटानंतर तर तो हमखास येतो. महावीरसिंग फोगाट यांनी मुलींना कुस्तीत उतरवलं आणि गीताने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं, हे खरंच आहे. पण ज्यांच्यावर तेवढाच जोर लावला गेला आणि ज्यांनी १५ व्या वर्षी खेळच सोडला, त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. आपल्यापर्यंत फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी पोहोचतात.

आणि जिंकलेले तरी सगळे खूश असतात का? टेनिसमधल्या आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदांचा मानकरी आंद्रे अगासी याने २००९ च्या आत्मचरित्रात सांगितलं, की त्याला टेनिसचा तिरस्कार वाटायचा. लहानपणी वडील त्याला चेंडू फेकणाऱ्या मशीनसमोर उभं करून हजारो चेंडू मारायला लावायचे.

आता दुसरी बाजू. रमाकांत आचरेकर सर काही कमी कडक नव्हते. सरावाला दांडी मारली की ते चिडायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवून, नाबाद राहिलास तर ते तुझं, असं सचिनला सांगायचे. पण आधी खेळायची ओढ सचिनची होती. मोठा भाऊ अजितने ती ओळखली आणि त्याला सरांकडे नेलं. वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी मुलाला त्याच्या वाटेने जाऊ दिलं आणि शॉर्टकट घेऊ नकोस, एवढं सांगितलं, ही आठवण सचिनने नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितली होती.

म्हणजे शिस्त वाईट नाही. मुलाने स्वतः निवडलेल्या गोष्टीसाठी लावलेली शिस्त त्याला पेलते. दुसऱ्याच्या स्वप्नासाठी लावलेली शिस्त त्याला शिक्षा वाटते.

लहानपणीच एक खेळ धरला तरच पुढे जाता येतं का?

"सहाव्या वर्षी नेट्स लावले नाहीत तर उशीर होईल" ही भीती अकॅडम्यांच्या जाहिराती वाढवतात. संशोधन मात्र वेगळं सांगतं. जर्मनीचे संशोधक आर्ने ग्युलिख आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ६ हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात ७७२ खेळाडू जगातल्या सर्वोच्च पातळीवरचे होते. त्यातून असं दिसलं, की मोठेपणी जागतिक पातळीवर पोहोचलेले खेळाडू लहानपणी वेगवेगळे खेळ खेळलेले होते, मुख्य खेळाकडे तुलनेने उशिरा वळले होते आणि सुरुवातीला त्यांची प्रगती हळू होती. लहान वयोगटात चमकणाऱ्यांचं चित्र बरोबर उलटं होतं. त्यामुळे १२ व्या वर्षीची ट्रॉफी पुढची हमी देत नाही आणि १२ व्या वर्षी ट्रॉफी नसेल तर काही बिघडत नाही.

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं बघा.

स्वप्नील कुसाळे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे त्याचं गाव. शिक्षक असलेल्या वडिलांनी २००९ मध्ये त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे आधी वर्षभर नुसती शारीरिक तयारी झाली. मग खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने नेमबाजी निवडली. पुढे मध्य रेल्वेत टीसीची नोकरी लागली, खेळ सुरूच राहिला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आलं. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं.

अविनाश साबळे: बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. लहानपणी धावणं म्हणजे फक्त शाळेचा सहा किलोमीटरचा रस्ता. बारावीनंतर सैन्यात भरती झाला. सियाचीनमध्ये ड्युटी केली. स्टीपलचेस हा प्रकार त्याने विशी ओलांडल्यावर हाती घेतला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यात सुवर्ण जिंकलं.

जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत लवकर सुरुवात करावी लागते, हे खरं. पण क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, ॲथलेटिक्स, कुस्ती यांत घाई करण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवलं, की एकाच खेळावर पूर्ण भर देणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावं.

किती सराव म्हणजे जास्त?

वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग पुरता कडक झालेला नसतो. एकच हालचाल रोज शेकडो वेळा केली की तिथे दुखापत होते. गुडघ्याच्या खाली, टाचेत, खांद्यात किंवा कंबरेत दुखणं ही त्याची नेहमीची ठिकाणं. म्हणून हे साधे आकडे लक्षात ठेवा:

- आठवड्याचे तास: मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. ११ वर्षांचं मूल असेल तर आठवड्याला ११ तासांच्या आत.
- सुट्टी: आठवड्यातून एक ते दोन दिवस पूर्ण आराम. वर्षात एकूण तीन महिने मुख्य खेळापासून लांब, तेही एकेक महिना करून. त्या काळात दुसरं काहीही खेळू द्या.
- झोप: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास.
- फास्ट बॉलिंग: इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाच्या नियमांनुसार १३ वर्षांखालच्या मुलाने एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसभरात १० पेक्षा जास्त ओव्हर टाकू नयेत. आपल्याकडे टेनिस बॉलच्या ओव्हर कुणी मोजतच नाही. तुम्ही मोजा.

यात नारपोलीसारख्या भागात एक गोष्ट वाढते, ती म्हणजे प्रवास. समजा, सातवीतली एक मुलगी कोचिंगसाठी ठाण्याला किंवा कल्याणला जाते. शाळा सहा तास, सराव दोन तास, येणं-जाणं दोन तास, क्लास दीड तास. हेच साडेअकरा तास झाले. अभ्यास, जेवण, अंघोळ यांना तीन तास धरा. झोपायला साडेनऊ तास उरतात, पण तेही अंजूरफाट्याला ट्रेलर अडकला नाही तर. आणि खेळणं, गप्पा, नुसतं लोळत पडणं यांना शून्य.

अशा वेळी आठवड्यातून दोनच दिवस लांबच्या कोचकडे आणि बाकीचे दिवस घराजवळ फिटनेस, असा मेळ घालणं रोजच्या धावपळीपेक्षा बरं. प्रवासाचा थकवाही सरावातच धरायचा.

आणखी एक. कबड्डी आणि कुस्तीत वजनी गट असतात. वजनात बसावं म्हणून मुलाला उपाशी ठेवणं, पाणी बंद करणं हे करूच नका. वाढीच्या वयात याने थेट नुकसान होतं. जिममधल्या कुणाच्याही सांगण्यावरून पावडर किंवा गोळ्याही देऊ नका. त्यात बंदी असलेला पदार्थ निघाला, तर शिक्षा खेळाडूलाच होते.

वय लपवायचा सल्ला कुणी दिला तर?

"जन्मतारीख दोन वर्षं पुढची लावून घ्या, मूल अंडर-१४ मध्ये चमकेल" असं सांगणारे भेटतात. स्पष्ट नाही म्हणा. बीसीसीआय १६ वर्षांखालच्या गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासते आणि खोटं वय पकडलं गेलं की बंदी येते. त्याहून वाईट म्हणजे मुलाला रोज एक खोटं सांभाळत खेळावं लागतं. थांबण्याची किंमत वाढवण्याचा याहून मोठा मार्ग नाही.

पैशांचं काय?

बूट, किट, फी, प्रवास, स्पर्धेची एंट्री. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या किंवा गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या घराला हे जड जातंच. इथे एकच नियम पाळा. जो खर्च तुम्ही मुलाला पुढे कधीच ऐकवणार नाही, तेवढाच करा. दागिने गहाण ठेवून घेतलेली इंग्लिश विलो बॅट मुलासाठी बॅट राहत नाही, ती कर्जाची नोटीस होते.

स्वस्त रस्ते आधी बघा. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका किंवा महापालिका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात आणि नाव शाळेमार्फत जातं. क्रीडा प्रबोधिनीत निवड चाचण्यांतून प्रवेश मिळतो. त्याची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. पात्र खेळाडूंना दहावी-बारावीत सवलतीचे गुण आहेत आणि राज्य सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे. पण नोकरीच्या आशेने मुलाला मैदानात ढकलू नका. आरक्षणासाठी ठरावीक पातळीवरची कामगिरी लागते आणि तिथपर्यंत थोडेच पोहोचतात.

मॅच संपल्यावर काय बोलायचं?

मॅचनंतर घरी येतानाचा रस्ता अनेक मुलांना नकोसा वाटतो. बाईकवर मागे बसलेल्या मुलाला पुढून ऐकू येत असतं: "तो शॉट कशाला मारलास? मी सांगितलं होतं ना?"

त्याऐवजी असं करून बघा:

- पहिला तासभर मॅचबद्दल विश्लेषण नाही. पाणी, वडापाव, आणि "तुला खेळताना बघायला मजा आली."
- त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल. तेव्हा ऐका.
- "किती केलेस?" याऐवजी "आज काय जमलं? काय अवघड गेलं?"
- दुसऱ्या मुलाशी तुलना नाही. "बघ, तो तुझ्याच वयाचा आहे" हे वाक्य बाद.
- तांत्रिक सल्ला कोचचा. मैदानाबाहेरून ओरडून सूचना दिल्या की मूल बॉल बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं.

सोशल मीडियावर व्हिडिओ टाकण्याआधी मुलाला विचारा. रील व्हायरल झाली की अनोळखी लोकांच्या अपेक्षाही मुलाच्या खांद्यावर येतात. प्रणवच्या बाबतीत हे एका रात्रीत झालं होतं.

कोच कसा निवडायचा?

किती खेळाडू रणजीला गेले, हे विचाराच. पण किती मुलं दोन-तीन वर्षं टिकली, हेही विचारा. सराव पालकांना बघता येतो का? मार खाल्ल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असं कोच म्हणतो का? शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. मैदानावर मार सहन करायचं काहीच कारण नाही.

मुलींच्या बाबतीत स्वच्छतागृह, कपडे बदलायला जागा, पाळीच्या दिवसांत न लाजता सांगता येईल असं वातावरण, हे आधी बघा. याच गोष्टी नसल्या की वयात येताना मुली खेळ सोडतात आणि घरी कारण दुसरंच सांगतात. बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत कोण, राहायची सोय कुठे, हे लेखी घ्या. काही चुकीचं घडलं तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे आणि पॉक्सो कायद्यानुसार तक्रार करता येते. मुलाला आधीच सांगून ठेवा: सिलेक्शन गेलं तरी चालेल, पण असं काही झालं तर मला सांग.

मूल म्हणालं, "मला सोडायचंय," तर?

लगेच हो नको, लगेच नाही नको. आधी कारण शोधा. दुखतंय का? कोच ओरडतो का? मित्र सोडून गेला का? की खरंच आवड संपली? एका हरलेल्या मॅचनंतरचा निर्णय असेल, तर "ही स्पर्धा पूर्ण कर, मग बसून बोलू" म्हणणं योग्य आहे. टीमला दिलेला शब्द पाळायला शिकवणं म्हणजे दबाव नाही. पण स्पर्धा संपल्यावर खरोखर बसून बोला आणि तेव्हाही उत्तर तेच असेल तर ते माना.

उदासी, चिडचिड, न खाणं, न झोपणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेली मानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

थोडक्यात

बहुतेक मुलं व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत, आणि यात अपयश काही नाही. त्यांना दमसास मिळतो, मित्र मिळतात, हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात जायची सवय लागते. एखादं मूल खरंच पुढे जाईल. तेही तेव्हाच, जेव्हा तुम्ही मागे राहिलात तरी ते पहाटे स्वतःहून उठत असेल.

तोपर्यंत पालकांचं काम मर्यादित आहे: पोटभर जेवण, पुरेशी झोप, सुरक्षित मैदान, आणि कधीही परत फिरता येईल असा मोकळा रस्ता. कल्याणच्या त्या वडिलांना १० हजारांवर पाणी सोडता आलं. आपल्याला निदान "आज राहू दे, उद्या बघू" एवढं म्हणता आलं पाहिजे.